खडक, माती आणि कंपोस्ट मुलांना हातांनी शिकवताना: मूठभर मातीपासून सुरुवात

प्रश्न थोडक्यात असा: ८ ते १२ वर्षांच्या २०-२५ मुलांचा गट, आठवड्याला एक तास, एकूण १२ आठवडे. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही नावं मुलांना पाठ आहेत, पण हातात दगड दिला की गप्प बसतात. शिवाय मागच्या खेपेला कंपोस्टची बादली सडली, वास सुटला, अळ्या झाल्या आणि उपक्रम बंद पडला. आता क्रम कसा लावावा आणि कोणते प्रयोग खरोखर चालतात?

पहिली गोष्ट क्रमाची. पुस्तकात खडक आधी, मग माती आणि शेवटी कंपोस्ट असतं. प्रत्यक्षात तसं केलं तर कंपोस्ट तयार व्हायच्या आत सत्र संपतं. बादली पहिल्याच दिवशी भरा. ती कोपऱ्यात कुजत राहील आणि दर तासाला तिला पाच मिनिटं दिली की पुरे. शिकवण्याची सुरुवात मात्र मातीने करा, कारण खडक आणि कुजलेला पाला या दोन्ही गोष्टी मूठभर मातीत एकत्र सापडतात.

चार मुलांमागे एक पांढरा कागद, त्यावर झाडाखालची मूठभर माती, एक भिंग, दोन काड्या. सांगायचं एवढंच: तीन ढीग करा. 'कधीतरी दगड होतं', 'कधीतरी जिवंत होतं' आणि 'सांगता येत नाही'. २० मिनिटांत पहिल्या ढिगात खडे आणि वाळूचे कण, दुसऱ्यात मुळांचे तुकडे, पानांच्या शिरा, एखाद्या किड्याचं कवच जमतं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होतो आणि पुढचे १२ आठवडे त्यावरच खर्चायचे आहेत. सुपीक बागेच्या मातीत आकारमानाने साधारण ४५ टक्के खनिज, २५ टक्के पाणी, २५ टक्के हवा आणि ५ टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ असतो. हे आकडे ढीग करून झाल्यावर सांगा, आधी नको. 'अर्धी माती म्हणजे रिकामी जागा' हे ऐकून मुलं वाद घालतात. वाद मिटवायला एका पेल्यात कोरडी माती भरून वरून मोजून पाणी ओता आणि किती मावतं ते बघू द्या.

आता दगड. मुलं गप्प बसतात याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की त्यांना थेट नाव विचारलं जातं. नाव सर्वांत शेवटी येतं. आधी कसोट्या. गटाला १२ नमुने द्या आणि त्यात मुद्दाम दोन तोतये घाला: विटेचा तुकडा आणि काँक्रीटचा तुकडा. काँक्रीट स्तरित (गाळाच्या) खडकासारखं दिसतं. ते खडक का नाही यावर होणारी चर्चा व्याख्या पाठ करण्यापेक्षा जास्त शिकवते.

काठिण्य तपासायला नख (खनिजांच्या काठिण्याच्या १ ते १० अशा मोहस श्रेणीवर साधारण २.५), तांब्याची पट्टी (३) आणि पोलादी खिळा (५.५ च्या आसपास) पुरतात. क्वार्ट्झ ७ वर असल्याने खिळ्याला दाद देत नाही. इथे दोन चुका हमखास होतात. एक: दगडच खिळ्याला घासतो आणि लोखंडाची करडी रेघ दगडावर उमटते, मुलांना तो ओरखडा वाटतो. ओलं बोट फिरवा. रेघ पुसली गेली तर दगड जिंकला, खाच राहिली तर खिळा. दोन: मोहसची श्रेणी खनिजांसाठी आहे, खडकांसाठी नाही. वालुकाश्म खिळ्याने सहज खरवडतो, पण ओरखडा कणावर पडत नाही, कण एकमेकांपासून सुटतात. भिंगाखाली सुटलेला कण अखंड दिसला की मुलांना 'चिकटवलेली वाळू' म्हणजे काय ते कळतं.

व्हिनेगरची कसोटी सगळ्यांना आवडते आणि तीच सगळ्यात जास्त फसवते, म्हणून ती जरा तपशिलात. चुनखडक आणि शंख-शिंपल्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याचे बुडबुडे दिसतात. पण कोरड्या, सच्छिद्र दगडावर कुठलाही द्रव टाकला तरी आतली हवा बाहेर येऊन बुडबुडे दिसतातच. वीट तर चांगलीच फसफसते. म्हणून आधी साध्या पाण्याचा थेंब टाका, बुडबुडे थांबू द्या, मग त्याच ओल्या जागी व्हिनेगरचा थेंब. पाण्याने शांत आणि व्हिनेगरने फसफस असेल तरच खरा होकार. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे संगमरवरासारख्या घट्ट दगडावर काहीच झालं नाही असं वाटू शकतं. खिळ्याने थोडी पूड काढून त्यावर थेंब टाका आणि भिंगातून पाहा. काँक्रीटसुद्धा फसफसू शकतं, कारण सिमेंट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर कार्बोनेट तयार करतं. फळ्यावरचा खडू अनेकदा जिप्समचा असतो, त्यात कार्बोनेट नसतं, म्हणून त्यावर काहीच होत नाही. या दोन्ही गोष्टी अपयश समजून लपवू नका, त्या मुद्दाम दाखवायच्या आहेत.

तिसरी कसोटी वजनाची. हातात दगड तोलून जड-हलका सांगता येत नाही, कारण आकार वेगळे असतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर घनता पाच मिनिटांत निघते. आधी कोरडा दगड तोला. मग काट्यावर अर्धं पाणी भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर दगडाचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ग्रॅनाइटला २.६ ते २.७, भरीव बेसॉल्टला २.८ ते ३ च्या आसपास उत्तर येतं. १५० ग्रॅमपेक्षा लहान दगड घेऊ नका, एका ग्रॅमच्या चुकीने उत्तर हलतं. छिद्रांचा बेसॉल्ट अर्थातच हलका निघतो आणि पाण्यात आकडा सरकत राहतो, कारण छिद्रांत पाणी शिरत असतं.

एवढं झाल्यावर खडकांचे प्रकार शिकवा, तेही 'कण कसे आहेत' या एकाच प्रश्नावर. एकमेकांत गुंतलेले, कडा जुळलेले स्फटिक असतील तर अग्निजन्यची शक्यता जास्त. सुटे कण कशाने तरी चिकटलेले असतील तर स्तरित. पट्टे किंवा पापुद्रे असतील आणि त्यांत कण एकाच दिशेला चपटे झालेले दिसले तर रूपांतरित. अपवाद आहेत. संगमरवरातही स्फटिक गुंतलेले असतात, पण तो खिळ्याने ओरखडला जातो.

स्फटिकांचा आकार निवण्याच्या वेगावर ठरतो हे तुरटीने दाखवता येतं. १०० मिलिलिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवा (गरम पाणी मोठ्यांनी ओतायचं), द्रावण दोन पेल्यांत अर्धं-अर्धं करा. एक पेला बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरा टॉवेलात गुंडाळून रात्रभर न हलवता. पहिल्यात रव्यासारखा बारीक चुरा, दुसऱ्यात मोठे, चकचकीत पैलूंचे स्फटिक. टॉवेलातही चुराच आला तर पेला कुणीतरी हलवला किंवा तळाशी न विरघळलेली पूड राहिली होती. मात्र मुलांना स्पष्ट सांगा की इथे पाण्यातल्या द्रावणातून स्फटिक आले, शिलारस (वितळलेला खडक) मात्र निवताना स्वतःच गोठून स्फटिक होतो. मेणाचे खडू किसून, दाबून आणि वितळवून खडकचक्र दाखवण्याचा जो प्रयोग सर्रास केला जातो, त्यातही अशीच एक गफलत आहे. 'रूपांतरित' म्हणून अर्धवट वितळवलेला खडू दाखवतात, आणि मुलं कायमची समजूत करून घेतात की रूपांतरित खडक वितळून होतो. तो घट्ट अवस्थेतच, उष्णता आणि दाबाने बदलतो. पूर्ण वितळला तर पुढे अग्निजन्यच होणार. तो प्रयोग करायचाच असेल तर त्या टप्प्याला खडू तळहातात कोमट करून दोन फळ्यांमध्ये नुसता दाबा, वितळवू नका.

खडकातून माती कशी होते याला विटेचे तुकडे सर्वांत सोयीचे, कारण खरा दगड तासाभरात झिजत नाही. साधारण २ सेंटिमीटरचे १०० ग्रॅम तुकडे, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, अर्धी भरेल इतकं पाणी. १०० हिसके, मग तुकडे पाहायचे, पुन्हा १००, असं ५०० पर्यंत. पाणी लाल होतं, कोपरे बोथट होतात, पहिल्या १०० हिसक्यांत झीज सर्वांत जास्त होते कारण टोकं तेव्हा धारदार असतात. नंतर तुकडे तोलले तर वजन वाढलेलं दिसेल! वीट पाणी पिते. तुकडे दोन दिवस उन्हात वाळवून तोला, आणि सुरुवातीचं वजनही तसंच वाळवून घेतलेलं असू द्या. लाल पाणी फेकू नका. ते रात्रभर ठेवलं की तळाशी बसलेला गाळ पुढच्या प्रयोगाची प्रस्तावना होतो.

पुढचा प्रयोग म्हणजे बरणीतली माती. सरळ उभ्या कडांची काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या. माती वाळवून, ढेकळं फोडून, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. बरणीचा तिसरा हिस्सा माती, वर तोंडापासून ३ सेंटिमीटर सोडून पाणी आणि चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पावडरीने कण एकमेकांपासून सुटतात. ती न घातल्यास चिकण मातीचे गोळे वाळूसारखे भराभर खाली बसतात आणि चिकण जमीन रेताड निघते. पाच मिनिटं जोरात हलवा, सपाट जागी ठेवा आणि घड्याळ लावा. १ मिनिटाने तळाच्या थराच्या माथ्यावर खूण: ही वाळू. २ तासांनी दुसरी खूण: पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकण मातीहून जाड कण. पाणी निवळल्यावर तिसरी: चिकण माती. साध्या मातीत निवळायला १ ते २ दिवस, भारी चिकण मातीत आठवडाही लागतो. वर तरंगतो तो सेंद्रिय भाग, तो मोजायचा नाही.

समजा थर ३२, २८ आणि २० मिलिमीटर आले. एकूण ८०, म्हणजे वाळू ४० टक्के, पोयटा ३५, चिकण २५. ही मध्यम पोताची, पिकाला सोयीची माती. दोन मर्यादा मोठ्या मुलांना सांगण्यासारख्या आहेत. चिकण माती पाण्यात फुगलेली असते, म्हणून तिचा थर वजनाच्या मानाने जाड दिसतो. आणि सर्वांत बारीक पोयट्याला १० सेंटिमीटर खाली यायला ७-८ तास लागतात, २ तासांची खूण ही सोयीची खूण आहे. म्हणून उत्तर 'साधारण एवढं' असंच लिहून घ्या.

बरणी निवळते तोवर तीच माती हाताने ओळखा. लिंबाएवढा गोळा पुरणासारखा नव्हे, कणकेसारखा मळा आणि अंगठा व तर्जनी यांच्यातून दाबत पट्टी काढा. गोळाच होत नसेल तर रेताड. पट्टी २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकण कमी, ५ च्या पुढे गेली तर भारी चिकण. पाणी थेंबाथेंबाने घाला. मुलं एकदम ओततात, चिखल होतो आणि सगळ्यांच्या पट्ट्या सारख्याच तुटतात.

पाणी मुरण्याचा प्रयोग मैदानावर करा. १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा (कडा चिकटपट्टीने झाकून) लाकडी फळी ठेवून ५-६ सेंटिमीटर आत ठोका. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद काढून घ्या. हे बरोबर २.५ सेंटिमीटर पाणी होतं, आणि कागदामुळे माती उसळत नाही. पूर्ण मुरायला लागलेला वेळ लिहा, मग लगेच तेवढंच पाणी पुन्हा. दुसरा आकडा खरा धरायचा, पहिल्या वेळी कोरडी जमीन पाणी ओढून घेते. गवताखाली आणि पायवाटेवर असे दोन डबे लावले की फरक सांगावा लागत नाही. पायवाटेवर दुसरं पाणी तास संपला तरी तसंच उभं असू शकतं, त्यामुळे तो डबा आधी लावा.

त्याच दोन जागांचे वाळलेले, सुपारीएवढे मातीचे खडे जाळीच्या गाळणीत ठेवून पाण्यात बुडवा. मुळांनी भरलेल्या जमिनीतला खडा पाच मिनिटांनीही टिकतो, तुडवलेल्या किंवा सतत नांगरलेल्या जमिनीतला विरघळल्यासारखा ढासळतो. खडे पूर्ण वाळलेले हवेत, ओले असतील तर दोन्ही टिकतात आणि प्रयोग वाया जातो.

मातीतले जीव गोळा करायची नेहमीची रचना अशी: नरसाळ्यात जाळी, जाळीवर माती, वर दिवा आणि जीव पडायला खाली वाटी. ती फसते ती एलईडी दिव्यामुळे, कारण त्याच्या खाली माती तापत आणि वाळत नाही. जीव खाली जातात ते उजेडापासून आणि कोरडेपणापासून पळत. तापणारा दिवा नसेल तर नरसाळं उन्हात ठेवा आणि खाली ओल्या कापसाची वाटी. पाहून झाल्यावर जीव जिथले तिथे सोडा.

आता बादली. मागच्या वेळची लक्षणं, म्हणजे सडणं, वास आणि अळ्या, एकाच कारणाकडे बोट दाखवतात: ओलं जास्त, सुकं कमी, हवा नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५-३० ला १ या प्रमाणात मानवतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ते १५-२० ला १ असतं, वाळक्या पानांत बरेचदा ५० ला १, लाकडाच्या भुशात ३०० च्याही वर. नुसता भाजीचा कचरा भरला की जादा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि कचऱ्यातलं पाणी हवेच्या जागा बुजवतं.

२० लिटरच्या बादलीचा हिशेब असा. बाजूंना आणि तळाला ६ ते ८ मिलिमीटरची ३० भोकं, खाली दोन विटा आणि ताटली. तळाशी ५ सेंटिमीटर काड्या. मग चुरलेला पाला १२ लिटर, २-३ सेंटिमीटर चिरलेला ओला कचरा ४ लिटर आणि बागेतली माती किंवा जुनं कंपोस्ट १ लिटर, हे सगळं थर न लावता ताडपत्रीवर कालवा. वर ५ सेंटिमीटर कोरड्या पाल्याचं पांघरूण. मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ, तेलकट अन्न आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा घालायची नाही. ओलावा मुठीने पाहा: घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, एखाद-दोन थेंब पडले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, मूठ उघडताच चुरा झाला तर झारीने पाणी शिंपडा.

बादली एकदाच भरा. रोज थोडं-थोडं टाकत गेलात तर ती कधीच 'तयार' होत नाही, वर ताजं आणि खाली जुनं राहतं, आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. नवा कचरा येत असेल तर दुसरी बादली. आठवड्यातून एकदा पूर्ण उलथून कालवा. धूळ आणि बुरशीचे कण उडू नयेत म्हणून आधी ओलावा पाहा. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना हे काम देऊ नका. हातमोजे घाला, काम संपल्यावर साबणाने हात धुवा.

वासावरून निदान करायला मुलांना शिकवा. अमोनियाचा झोंबणारा वास आला तर पाला घालून कालवा. कुजक्या अंड्यांचा असेल तर हवा कोंडली आहे, बादली रिकामी करून काड्या मिसळून पुन्हा भरा. काहीच वास नाही आणि आठवडे गेले तरी पानं जशीच्या तशी, तर कोरडं पडलं आहे. चिलटं झाली तर वरचं पांघरूण उडालं आहे. जाड, करड्या, खंडित अंगाच्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या घाण नव्हेत, कुजवण्याचं कामच करतात, पण त्या आल्या म्हणजे बादली ओली झाली एवढा अर्थ घ्या.

'कंपोस्ट तापतं' असं मुलांनी वाचलेलं असतं आणि तापमापकात जेमतेम काही अंश जास्त दिसतात. ५५-६० अंशांपर्यंत जायला साधारण १ घनमीटरचा ढीग लागतो. बादलीत तयार झालेली उष्णता बाजूंनी निघून जाते. त्यामुळे बियाणं लागलेलं तण आणि रोगट पानं बादलीत नकोत, त्यांतल्या बिया आणि रोगजंतू मरायला उष्णता पुरत नाही.

बादलीसोबत तुलनेसाठी एकेक लिटरच्या चार बाटल्या ठेवा: योग्य मिश्रण, नुसता ओला कचरा, नुसता कोरडा पाला, आणि भोकं नसलेली योग्य मिश्रणाची बाटली. शेवटच्या बाटलीचं झाकण सैल ठेवा, वायू साठतो. मागच्या खेपेची बिघडलेली बादली आता दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत मुलं मुद्दाम बनवतील.

बादलीतल्या ढिगाची उंची पट्टी लावून दर आठवड्याला लिहा. दोन-तीन महिन्यांत ढीग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. 'बाकीचं कुठे गेलं?' याला बहुतेक मुलं 'माती झाली' म्हणतात. ही या विषयातली सर्वांत चिवट चूक. मोठा वाटा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन हवेत गेला, उरलं ते कंपोस्ट. हे कंपोस्ट मातीच्या जागी बरणीच्या प्रयोगात घालून पाहा: सुरुवातीला घातलेल्या मातीपुरता थोडा थर सोडला तर वाळू-पोयट्याचे थर नीट पडतच नाहीत, बराच भाग वर तरंगतो. खडकातून आलेला भाग त्यात फारसा नाही, म्हणून ते मातीत मिसळायचं असतं, मातीच्या जागी वापरायचं नसतं.

१० व्या आठवड्यापासून कालवणं थांबवून उरलेले दिवस ते मुरू द्या. थंड हवेत याहून वेळ लागतो. तयार झालं का हे पाहायला मूठभर ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर पावसाने भिजलेल्या जमिनीसारखा वास आला तर तयार, आंबूस किंवा झोंबरा आला तर कच्चं. मग तीन पेले, प्रत्येकात मुळ्याच्या १० बिया: एकात नुसती माती, एकात १ भाग कंपोस्ट आणि ३ भाग माती, एकात नुसतं कंपोस्ट. तिन्हींना मोजून सारखं पाणी. मुळा बहुधा ३ ते ५ दिवसांत उगवतो. तिसऱ्या पेल्यात उगवण कमी किंवा मुळं तपकिरी दिसली, तर कंपोस्ट अजून दोन-तीन आठवडे मुरवून प्रयोग पुन्हा लावा.